पाच मिनिटांत बाहेर व्हा

(युवक शिबिरातलं भाषण)



सकाळपासून इथं जमिनीवर बोलणं झालं, राखीव जागांवर झालं. मी मेरी-गो-राऊंडवर बोलणार आहे. हसून घ्या. मी गोदीत माल उचलणारा, मॅट्रिक झालेला माणूस. कविता लिहितो म्हणून मला बोलावलंय. पण आज कविता नाही, एक प्रश्न आहे. करमणुकीची बाग रात्री बंद होते, दिवे विझतात. मग आत कोण राहतं? आणि कुणी राहिलं तर त्याला पोलीस धरतात?

डिस्नीलँड घ्या. कॅलिफोर्नियात ॲनाहाइमला जुलै 1955 मध्ये सुरू झालं. तिथल्या मेन स्ट्रीटवर बंबखान्याच्या माडीवर वॉल्ट डिस्नीनं स्वतःसाठी खोली बांधून घेतली होती. गर्दी पांगली तरी मालक आतच. तो 1966 साली मेला, पण त्याच्या आठवणीत त्या खिडकीत दिवा लावतात. म्हणजे मेल्यावरसुद्धा मालकाला बाहेर जावं लागत नाही. दुसरा आत राहतो तो रात्रपाळीवाला. रस्ते धुणारा, कचरा उचलणारा, रंग मारणारा. सकाळी पहिलं पोर आत यायच्या आधी कालची घाण दिसता कामा नये, आणि हा स्वतःही दिसता कामा नये. हा नियम आपल्या आयाबापांना कुणी शिकवायला नको.

एक मालकीनं राहतो, दुसरा मजुरीनं. तिसऱ्याला नुसतं थांबायचंय, त्याच्यासाठी शिपाई आहे.

6 ऑगस्ट 1970. हिरोशिमावर बॉम्ब पडल्याला त्या दिवशी 25 वर्षं झाली. यिप्पी म्हणवणारी, व्हिएतनाम युद्धाच्या विरोधातली तीनेकशे केसाळ पोरं तिकिटं काढून डिस्नीलँडमध्ये शिरली. टॉम सॉयरच्या बेटावर चढली, व्हिएतकाँगचा झेंडा लावला, रस्त्यावर नाचली-गायली. बस, तेवढ्यावर हेल्मेटवाले, दंडुकेवाले पोलीस बाहेर निघाले. बाग वेळेआधीच, संध्याकाळी सातच्या सुमाराला बंद केली आणि सगळ्या लोकांना घरी पिटाळलं. जगातली सगळ्यात आनंदाची जागा म्हणून मिरवणाऱ्या बागेत पोलीस कुठं दडवलेले असतात, हे त्या पोरांनी दाखवलं. तेवढं श्रेय त्यांचं.

पण पुढं ऐका. त्यांच्या पत्रकात एक कार्यक्रम होता, आँट जेमिमाच्या हॉटेलात ब्लॅक पँथरची न्याहारी. आँट जेमिमा म्हणजे डोक्याला फडकं बांधलेली काळी मोलकरीण, गोऱ्यांना हसत हसत वाढणारी. तिच्या नावाचं हॉटेल डिस्नीलँडमध्ये होतं. यिप्पींची न्याहारी थट्टेतली. पँथरांची न्याहारी खरी. 1969 पासून ओकलंडमध्ये ते गरिबांच्या पोरांना शाळेआधी फुकट खायला घालत होते. त्यासाठी पहाटे उठून चूल पेटवावी लागते, अंडी शिजवावी लागतात, भांडी घासावी लागतात. ज्यांचं नाव 1972 साली मुंबईतल्या आपल्या पोरांनी उचललं, ते हे भांडी घासणारे पँथर. नाव घेताना डरकाळी तेवढी उचलू नका, भांडीही उचला.

आता मेरी-गो-राऊंड. वॉशिंग्टनजवळ, मेरीलँड राज्यात, ग्लेन एको नावाची बाग होती. फक्त गोऱ्यांसाठी. 30 जून 1960 ला हॉवर्ड विद्यापीठाची काळी पोरं आणि त्यांचे गोरे साथी तिथं गेले. फाटकावर पहारेकऱ्यानं लॉरेन्स हेन्री नावाच्या पोराला विचारलं, तुझी जात कुठली? पोरगा म्हणाला, माणसाची. आपल्याला हा प्रश्न नवा नाही, उत्तरही नवं नाही. पण ते फाटकात उभं राहून, तोंडावर द्यायला छाती लागते.

पाच काळी पोरं आत जाऊन मेरी-गो-राऊंडच्या लाकडी जनावरांवर बसली. तिकिटं त्यांच्या हातात होती. चक्र काही फिरेना. पहारेकरी कॉलिन्स आला, म्हणाला, काळ्यांना इथं मनाई आहे, पाच मिनिटांत बाहेर व्हा. पोरं बसून राहिली. पाच मिनिटं गेली, सहावं लागलं, आणि गुन्हा झाला. गुन्हा काय? थांबले. थांबलेल्या घोड्यावर बसून राहिले.

हा कॉलिन्स बागेच्या हुकमातला खासगी पहारेकरी, आणि छातीवर बिल्ला सरकारी डेप्युटी शेरीफचा. मालकाच्या भेदभावाला सरकारचा हात कसा मिळतो ते बघा. शेवटी याच मुद्द्यावर 1964 साली तिथल्या सुप्रीम कोर्टानं पाचांची शिक्षा रद्द केली. पण बाग कोर्टाची वाट बघत राहिली नाही. उन्हाळाभर फाटकावर निदर्शनं झाली, शेजारच्या वस्तीतली ज्यू कुटुंबंही पोरांच्या बाजूनं उभी राहिली, आणि 1961 च्या हंगामात फाटक सगळ्यांना उघडलं. बाल्टिमोरची ग्विन ओक बाग 28 ऑगस्ट 1963 ला उघडली. त्याच दिवशी वॉशिंग्टनमध्ये डॉ. किंगचा मोर्चा होता. ग्विन ओकच्या मेरी-गो-राऊंडवर बसलेलं पहिलं काळं लेकरू, शॅरन लँगली, अकरा महिन्यांचं होतं.

यिप्पींसाठी बाग सातला बंद झाली. काळ्यांसाठी ती सकाळपासूनच बंद होती. फरक इथं आहे. म्हणून थट्टा कुणाला परवडते आणि शिस्त कुणाला लागते, याचा हिशोब आपला आपण करायचा.

कुणी म्हणेल, पोटाला नाही आणि हा पाळण्यांचं बोलतो. त्याला मी महाड सांगतो. 20 मार्च 1927. तळ्याचं पाणी पिऊन लोक मांडवात परतले होते. काही जेवत होते, काही गावात हिंडत होते. तेवढ्यात देवळात शिरणार म्हणून अफवा उठली आणि हल्ला झाला. जेवणाऱ्यांवर झाला, हिंडणाऱ्यांवर झाला. सभा उरकून आलात तसे मुकाट चालते व्हा, असं त्यांचं म्हणणं. आपला माणूस काम नसताना गावात उभा दिसला की त्यांच्या पोटात दुखतं.

आणि बाबासाहेबांनी मजूरमंत्री असताना 1946 साली फॅक्टरी कायद्याच्या दुरुस्तीचं बिल आणलं, आठवड्याचे 54 तास 48 वर आले. ते सहा तास कशासाठी होते? झोपायला, वाचायला, पोराला खांद्यावर घेऊन पाळणा दाखवायला. आज कंत्राटदार बारा-बारा तास राबवतो, तेव्हा तो आपले हेच तास चोरतो. मुकादमाला मी हे सांगितलं तर म्हणतो, तुला फुरसत कशाला पाहिजे, कविता करायला? होय बाबा, कविता करायलाच.

1989 साली गोराईला एस्सेलवर्ल्ड निघालं. घरी जाणार नाही असं म्हणणारं त्याच्या जाहिरातीतलं पोरगं सगळ्या मुंबईनं ऐकलंय. ते पोरगं गोड. आणि आपलं पोरगं रात्री अकराला दिव्याच्या खांबाखाली थांबतं, कारण दहा बाय दहाच्या खोलीत पाय पसरायला जागा नाही. ते मात्र संशयित. शिट्टी वाजते, नाव विचारतात, नावानंतर आडनाव विचारतात.

म्हणून माझी मागणी एवढीच. वस्तीतली मैदानं, वाचनालयं, बागा रात्री उशिरापर्यंत उघड्या ठेवा म्हणून वॉर्डात अर्ज द्या, नाही ऐकलं तर फाटकावर बसा. जिथं शिपाई आपल्या पोराला आडनाव विचारून हुसकतो, तिथं एकट्यानं भांडू नका, पाचजण जा. हातात तिकीट असू द्या, तोंडात शिवी नको. पाच मिनिटं दिली तर सहाव्या मिनिटालाही बसून रहा. आणि मागं वस्तीत वकील, जामीन, चूल तयार ठेवा.

जयभीम.