टायटॅनियमचा मिश्रधातु

कित्येक पोलादांच्या तोडीचा बळकट, वजनानें मात्र पोलादाच्या निम्म्याहून थोडासाच अधिक, आणि समुद्राच्या पाण्यांतहि न गंजणारा असा धातु असूं शकेल काय? टायटॅनियमचा एक मिश्रधातु नेमका असा आहे. शंभर भारांत सुमारें नव्वद भार टायटॅनियम, सहा भार ॲल्युमिनियम व चार भार व्हॅनेडियम, हें त्याचें प्रमाण होय. टायटॅनियमच्या सर्व मिश्रधातूंत याचाच वापर सर्वाधिक आहे.

मूळ धातु कांहीं दुर्मिळ नाहीं. १७९१ सालीं विल्यम ग्रेगर या इंग्रज धर्मोपदेशकास कॉर्नवॉलच्या काळ्या वाळूंत त्याचा पत्ता लागला. १७९५ सालीं क्लाप्रोट या जर्मन रसायनशास्त्रज्ञानें ग्रीक पुराणांतील टायटन दैत्यांवरून त्याचें नांव ठेविलें. इल्मेनाइट नांवाची तसलीच काळी वाळू रत्नागिरीच्या किनाऱ्यावर व केरळांत चवरा येथें सांपडते. अडचण आहे ती धातु वेगळा काढण्याची. तापलेला टायटॅनियम हवेंतील प्राणवायु व नत्रवायु अधाशासारखा शोषून घेतो आणि ठिसूळ बनतो. लक्झेंबर्गच्या विल्यम क्रॉल यांनीं १९४० च्या सुमारास हवा वगळून, मॅग्नेशियमच्या साहाय्यानें, तो काढण्याची रीत सिद्ध केली. त्यानंतरच्या दशकांत अमेरिकेंत हा मिश्रधातु जन्मास आला.

त्याच्या अंगावर ऑक्साइडचा अदृश्य पापुद्रा असतो. तोच त्याचें कवच. सुमारें चारशें अंश शतमान उष्णतेपर्यंत त्याचें बळ टिकतें. म्हणून जेट इंजिनांचे पंखे व अग्निबाणांच्या इंधनटाक्या त्याच्या करतात. शरीरास तो सोसतो, म्हणून खुब्याच्या कृत्रिम सांध्याचा दांडाहि त्याचाच असतो. परंतु घासला गेला कीं तो झिजतो. यास्तव सांध्याची गोळी दुसऱ्या पदार्थाची करावी लागते. त्यांतून उष्णता लवकर वाहून जात नाहीं, त्यामुळें त्याला कांतणाऱ्या हत्याराची धार लौकर जाते.

या धातूवर किती प्राण अवलंबून असतात, याचा प्रत्यय १९ जुलै १९८९ रोजीं आला. डेन्व्हरहून शिकागोस निघालेल्या विमानाच्या शेपटाकडील इंजिनांतील पंख्याची तबकडी आकाशांत फुटली. तिच्या तुकड्यांनीं सुकाणें चालविणाऱ्या तिन्ही द्रवयंत्रणा निकामी झाल्या. वैमानिकांनीं उरलेल्या दोन इंजिनांचा जोर कमीअधिक करीत विमान सू सिटीपर्यंत आणिलें. २९६ जणांपैकीं १८४ वांचले. ११२ मृत्यु पावले.

चौकशीअंतीं कारण उमगलें. तबकडी याच मिश्रधातूची होती. धातु वितळवितांना नत्रवायूमुळें कठीण व ठिसूळ झालेला एक बारीक कण तींत राहून गेला होता. तेथून निघालेली चीर सुमारें सतरा वर्षें उड्डाणागणिक वाढत गेली, आणि तपासणाऱ्याच्या नजरेस ती पडली नाहीं. तो धातु निर्वात भट्टींत दोनदां वितळविलेला होता. पुढें तीनदां वितळविण्याचा प्रघात पडला, व तपासण्याहि कडक झाल्या.

ज्या नत्रवायूच्या मधून विमान निर्धास्त उडतें, त्याचाच भट्टींत शिरलेला अंश त्याचा घात करूं शकतो. म्हणून या धातूचें बळ प्रमाणावर जितकें, तितकेंच भट्टीवरच्या माणसाच्या दक्षतेवर अवलंबून आहे.