आरोग्याचा हिशोब मांडणारा कारकून
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आम्ही गिरणीतली माणसं. आम्ही बोलायला उभे राहिलो की लोकांना वाटतं, आता बोनस आणि हक्काच्या घराचं निघणार. आज ते बाजूला ठेवतो. आज विषय आहे आरोग्याचा हिशोब. आपल्यात पोरगं हुशार निघालं की आपण म्हणतो, डॉक्टर कर. चांगलंच आहे. पण कोणत्या वस्तीत जास्त माणसं मरतात, का मरतात, दवाखान्याचा खर्च कोण सोसतं, हे शोधणारीही विद्या आहे. तिचा पाया घालणाऱ्यांत एक बिनपदवीचा माणूस होता. त्याचं नाव रिचर्ड टिटमस.

१९०७ साली इंग्लंडात एका शेतकऱ्याच्या घरी तो जन्मला. चौदाव्या वर्षी शाळा सुटली. हिशोब-ठिशोब शिकून तो विमा कंपनीत कारकून म्हणून चिकटला. कोण कुठल्या वयात मरतो, यावरच विम्याचा धंदा चालतो. ते आकडे पाहून त्याच्या मनात प्रश्न आला, गरिबाचंच मूल जास्त का मरतं? दिवसा नोकरी, रात्री अभ्यास. १९३८ साली पहिलं पुस्तक निघालं. १९४३ च्या पुस्तकात त्याने दाखवलं की देशातले एकूण बालमृत्यू कमी झाले, तरी श्रीमंताचं मूल आणि मजुराचं मूल यांतली दरी काही बुजली नाही. बंधूंनो, सरासरीत गरीब माणूस असा लपून जातो!

१९५० साली लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सने या बिनपदवीच्या माणसाला प्राध्यापक केलं. ही तीच संस्था, जिथे बाबासाहेबांनी अभ्यास केला आणि १९२३ साली डी.एस्सी. मिळवली. बाबासाहेबांनी पदव्यांचा डोंगर उभा केला, टिटमसकडे एकही नव्हती. पण रात्र जागून आकड्यांना बोलतं करणं दोघांनाही ठाऊक होतं.

ब्रिटनमध्ये १९४८ साली सर्वांसाठी सरकारी आरोग्यसेवा सुरू झाली. लगेच ओरड झाली की फुकट औषधाने खजिना रिकामा होतोय. १९५३ साली सरकारने चौकशी समिती नेमली. तिच्यासाठी टिटमस आणि तरुण अर्थतज्ज्ञ ब्रायन एबल-स्मिथ हिशोबाला बसले. निघालं काय? राष्ट्रीय उत्पन्नातला या सेवेचा वाटा १९४९-५० मध्ये पावणेचार टक्के होता, तो १९५३-५४ मध्ये सव्वातीन टक्क्यांवर आला होता. म्हणजे वाटा वाढला नव्हता, उलट घटला होता! १९५६ साली हे छापून आलं आणि ओरडणाऱ्यांची तोंडं बंद झाली. मोर्चाने जे होतं ते मोर्चानेच होतं, पण इथे काम केलं ते हिशोबाच्या वहीने.

१९७० साली त्याने रक्तावर पुस्तक लिहिलं. ब्रिटनमध्ये लोक रक्त दान करत, अमेरिकेत बरंचसं विकत घेतलं जाई. विकत घेतलेल्या रक्तातून कावीळ जास्त पसरते, असं त्याने दाखवलं. कारण उघड आहे. पोटासाठी रक्त विकणारा आपला आजार कशाला सांगेल? आपल्याकडेही १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला आणि १९९८ पासून रक्त विकणं बंद झालं. दानाची थोरवी आपल्याला धम्माने शिकवली. ती त्याने आकड्यांनी पटवली.

आता आपलं बघू. कार्डिंग खात्यात कापसाची धूळ छातीत जाते. सुट्टीनंतर कामावर आलं की पहिल्याच दिवशी छाती आवळून येते. या आजाराला बिसिनोसिस म्हणतात. आमच्या किती सोबत्यांना बिडीमुळे खोकला आहे म्हणून घरी पाठवलं, त्याची नोंद कुठे आहे? नोंद नाही म्हणजे आजार नाही, आणि आजार नाही म्हणजे भरपाई नाही. माणूस गेला, कर्ज घरात राहिलं.

म्हणून आमची समितीला विनंती आहे. विहारात एक वही ठेवा. वस्तीत कोण आजारी पडलं, कुठे नेलं, किती खर्च आला, त्यासाठी काय गहाण पडलं, हे घरच्यांना विचारून, नाव न घालता लिहा. आपल्या शिकलेल्या मुला-मुलींनी त्याची बेरीज मांडावी. त्यातलं एखादं उद्या या विषयात संशोधन करील आणि सरकारपुढे आपले आकडे घेऊन उभं राहील. बाबासाहेबांनी शिका म्हटलं, त्यात हेही शिकणं आलं.