स्वयंसैनिक अधिकाऱ्याची बढती



बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तरेस, सातपुड्याच्या पायथ्याशीं, संग्रामपूर हें तालुक्याचें गांव आहे. नांवांत संग्राम असला तरी येथें छावणी नाहीं. आगगाडीसाठीं शेगांव गांठावें लागतें, आणि लोकांचें लक्ष असतें तें कापसाच्या भावाकडे. अशा गांवांतील एखादा शिक्षक क्षणभर डोळ्यांपुढें आणा. कांहीं दिवशीं तो खाकी गणवेष चढवून मुलांची कवाईत घेतो, एरव्हीं फळ्यापुढें उभा राहून त्रैराशिक शिकवितो. त्याच्या खांद्यावर राष्ट्रीय छात्रसेनेच्या अधिकाऱ्याचें चिन्ह असतें. हें चिन्ह वाढतें कसें, आणि तें वाढण्यापूर्वीं त्यास पुनः पुनः कां पारखून घेतात, एवढाच आजचा विषय आहे. शहरांतल्या सुशिक्षित घरांतूनही अशा अधिकाऱ्यास ‘हौशी शिपाई’ म्हणून हंसण्याची चाल आहे. म्हणून तो बोलण्याजोगा वाटला.

छात्रसेनेचा कायदा १९४८ सालचा. शाळेंतील शिक्षक तींत प्रथम थर्ड ऑफिसर होतो. मग सेकंड, फर्स्ट आणि शेवटीं चीफ ऑफिसर. महाविद्यालयांतील प्राध्यापक लेफ्टनंट होतो आणि कॅप्टन व मेजर या पायऱ्या चढतो. पहिल्या पायरीवर पाय ठेवण्यापूर्वीं नागपूरजवळ कामठी येथील अकादमींत जाऊन शिक्षण घ्यावें लागतें. स्त्रियांसाठीं ती सोय ग्वाल्हेरीस आहे. पुढील बढतीस नुसतीं वर्षें भरून भागत नाहीं, उजळणीचा अभ्यासक्रमही पुरा करावा लागतो. म्हणजे जो गृहस्थ वर्षभर दुसऱ्यांच्या उत्तरपत्रिका तपासतो, त्यास चाळिशीनंतरही पहाटेच्या शिट्टीस उठून विद्यार्थी व्हावें लागतें. ही गोष्ट मला फार चांगली वाटते.

प्रादेशिक सेनेचा प्रकार याहून कडक, कारण तेथें प्रसंग पडल्यास खरोखरीच लढावयाचें असतें. १९६२, १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत तिच्या तुकड्यांनीं काम केलें आहे. पुण्यास व कोल्हापुरास तिच्या मराठा पलटणी आहेत. अधिकारी होऊं इच्छिणारा पदवीधर हवा, १८ ते ४२ वर्षांचा हवा, आणि—ही अट विशेष आहे—त्यास स्वतःच्या चरितार्थाचें साधन हवें. लेखी परीक्षा, मुलाखत, निवड मंडळ, वैद्यकीय तपासणी हें सर्व पार पडल्यावर अधिकारपत्र मिळतें. पहिल्या वर्षीं महिनाभर मूलभूत शिक्षण, दरवर्षीं साधारण दोन महिन्यांचें शिबिर, आणि पहिल्या दोन वर्षांच्या आंत लष्करी अकादमींत तीन महिने. लेफ्टनंट कर्नलपर्यंतची बढती सेवेच्या मुदतीनें मिळते. परंतु ठरविलेल्या अटी पुऱ्या झाल्या तरच. त्यापुढील दोन हुद्दे केवळ निवडीनें.

स्थायी सैन्यांत याच कामासाठीं ‘ब’ आणि ‘ड’ या नांवांच्या दोन परीक्षा आहेत; पहिली कॅप्टन होण्याच्या वाटेवर, दुसरी मेजर होण्याच्या. डावपेच, लष्करी कायदा, व्यवस्थापन, युद्धाचा इतिहास असे त्यांचे विषय. नुसती छाती रुंद असून चालत नाहीं, हें यावरून दिसेलच.

आतां आक्षेप असा कीं, जो आपली सुटी आणि सुख देशास देतो, त्याची परीक्षा कशाला? दान दिलेल्या गाईचे दांत कोण मोजतो? हा आक्षेप जुना आहे. इंग्लंडांत १८५९ सालीं स्वयंसैनिकांच्या पलटणी उभ्या राहिल्या, तेव्हां गांवचे सधन गृहस्थच त्यांचे कॅप्टन झाले, आणि त्यांची पुष्कळ थट्टाही झाली. पुढें सरकारनें प्रावीण्याचे दाखले सुरू केले आणि दाखला मिळविणाऱ्या अधिकाऱ्यामागें पलटणीस जादा अनुदान देण्यास आरंभ केला. तेव्हां कोठें थट्टा ओसरूं लागली.

आपल्याकडे गोष्ट निराळी होती. येथें प्रश्न परीक्षेचा नव्हताच. तो जन्माचा होता. त्या काळच्या स्वयंसैनिक पथकांत गोरे व अर्धगोरे यांस मुक्त वाव असे. हिंदी मनुष्यास दार जवळजवळ बंद. १८८६ च्या कलकत्त्याच्या काँग्रेसनें तें उघडण्याची मागणी केली. १९१७ सालीं हिंदी संरक्षक दल निघालें, तेव्हां लोकमान्य टिळकांनीं तरुणांस त्यांत शिरण्याचा आग्रह केला. तरी १९२० सालीं पुनः दोन निरनिराळे कायदे झाले: एक गोऱ्यांच्या साहाय्यक दलाचा, दुसरा हिंदी लोकांच्या प्रादेशिक दलाचा. स्वतंत्र भारताचा प्रादेशिक सेनेचा कायदा १९४८ त आला, आणि ९ ऑक्टोबर १९४९ रोजीं राजगोपालाचारी यांच्या हस्तें त्या सेनेचें उद्घाटन झालें. ज्या लोकांस साठ वर्षें ‘तुम्ही कोण’ एवढेंच विचारण्यांत आलें, त्यांस ‘तुम्हांस काय येतें’ असें प्रथमच विचारलें जाऊं लागलें. परीक्षेस मी जाच समजत नाहीं, तो यामुळें.

दुसरें कारण अधिक साधें आहे. नकाशा चुकीचा वाचला तर तुकडी चुकीच्या टेकडीवर जाते, आणि गोळीबाराच्या मैदानावरील नियम ठाऊक नसलेल्या अधिकाऱ्याच्या हाताखालीं मुलें सुरक्षित नसतात. अधिकारी वेतनी आहे कीं स्वयंसेवक आहे, हें गोळीस कळत नाहीं. मानाचे हुद्दे निराळे. कपिल देव यांस २००८ सालीं आणि महेंद्रसिंग धोनी यांस २०११ सालीं लेफ्टनंट कर्नल हा हुद्दा सन्मान म्हणून मिळाला. तरी धोनी यांनीं २०१५ सालीं आग्र्यास विमानांतून छत्रीनिशीं उड्या घेऊन छत्रीधारी सैनिकाची पात्रता मिळविली, हें मला त्या हुद्द्याहून मोठें वाटतें.

म्हणून परीक्षा सोपी करा, असें मी म्हणणार नाहीं. अडचण आहे ती परीक्षेपर्यंत पोंचण्याची. प्रादेशिक सेनेंत बोलावलेल्या मनुष्यास त्याची नोकरी परत द्यावी असें कायदा मालकास सांगतो. परंतु अभ्यासास लागणारा वेळ कोणताही कायदा देत नाहीं. शहरांत ग्रंथालय आहे, सेवानिवृत्त अधिकारी शेजारीं राहतात, विचारावयास माणूस मिळतो. तालुक्याच्या गांवीं हें कोठून आणावें? संग्रामपूरसारख्या ठिकाणचा शिक्षक उजळणीस जाण्याची रजा मागूं लागला कीं, मुख्याध्यापकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: तुमचे तास कोण घेणार? त्या वेळीं शिक्षकांच्या खोलींतून दोघे जण ‘आम्हीं घेऊं’ म्हणून उठले, तर कामठीची गाडी त्यास मिळते. न उठले, तर अर्ज खणांत राहतो, आणि बढती आणखी एक वर्ष पुढें जाते.