गाठाळ ओंडका आणि धनुष्याची कांब

पाचोडच्या आठवडी बाजारात जुना जाणता शेतकरी कुऱ्हाडीचा दांडा कसा घेतो, हे आपण पाहिले असेल. तो किंमत नंतर विचारतो. आधी दांडा डोळ्यासमोर धरतो, एक डोळा मिटतो आणि लाकडाची शीर या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग गेली आहे की मध्येच बाजूला निघून गेली आहे, ते निरखतो. शीर मध्येच निघून गेली असेल, तर दांडा कितीही गुळगुळीत असो, तो खाली ठेवतो. असा दांडा घाव घालताना तिरपा मोडतो, आणि मग कुऱ्हाडीचे पाते कोणाच्या पायावर जाईल याचा नेम नाही. आज मी गाठाळ ओंडका फोडून धनुष्यासाठी कांबी काढण्याविषयी बोलणार आहे. त्या कामाचे मर्म या एका निरखण्यात आहे.

धनुष्य म्हटले की आपल्याला राम आणि अर्जुन आठवतात. ते घडवणारा आठवत नाही. कौटिल्याने मात्र त्याची दखल घेतली आहे. त्याच्या अर्थशास्त्रात ताडाची, वेळूची, लाकडाची आणि शिंगाची अशी धनुष्ये सांगितली आहेत. दोरीसाठी रुई, ताग, वेळू आणि जनावराचे स्नायू यांचीही नावे दिली आहेत. सातपुड्यातल्या भिल्लांचे धनुष्य वेळूचे, आणि त्याची दोरीही वेळूचीच! लाकडी धनुष्यासाठी नाव घ्यायचे तर धामणीचे. धामण म्हणजे साप नव्हे बरे का. सह्याद्री-सातपुड्याच्या रानातले झाड. संस्कृतात त्याला ‘धन्वन’ म्हणतात. त्याचे लाकूड चिवट आणि लवचीक. म्हणून कावडीला, हत्यारांच्या दांड्यांना आणि धनुष्यालाही ते पूर्वीपासून वापरत आले आहेत.

आता प्रश्न असा, की ओंडका करवतीने सरळ कापला तर काय बिघडते? कापणे सोपे, कांबही सारखी निघते. याचे उत्तर लाकडाच्या अंगात आहे. लाकूड म्हणजे उभ्या, बारीक नळ्यांची घट्ट बांधलेली पेंढी. नळीच्या लांबीच्या दिशेने ओढले तर लाकूड फार ताकद दाखवते. नळ्या एकमेकींपासून अलग करू लागलो, तर त्या मानाने अगदी थोड्या जोराने ते फाटते. धनुष्य ओढले म्हणजे त्याची बाहेरची बाजू ताणली जाते आणि धनुर्धराकडची दाबली जाते. बाहेरच्या बाजूच्या नळ्या टोकापर्यंत अखंड असतील तर त्या ताण सोसतात. मध्येच छाटल्या असतील तर तिथून ढलपी उचलते आणि धनुष्य तोंडासमोर मोडते. करवत आपल्या रेघेने जाते, तिला शीर दिसत नाही. पाचर मात्र शिरेच्या वाटेनेच जाते. म्हणून कांब फोडून काढायची.

ही विद्या आपल्याकडे जुनी आहे. शिक्षकबंधूंना पंचतंत्रातला पाचर उपटणारा वानर ठाऊक आहेच. सुतार अर्धवट फोडलेल्या तुळईत खैराची पाचर ठोकून जेवायला गेले, वानराने ती उपटली आणि फटीत सापडून प्राणाला मुकला. आपण मुलांना त्याचे तात्पर्य सांगतो आणि पुढे जातो. पण मोठी लाकडे पाचरीने फोडत आणि पाचर खैरासारख्या कठीण लाकडाची करत, हेही त्या गोष्टीत आहे. उघडलेले लाकूड किती जोराने मिटते, तेही आहे. फटीत बोटे घालू नयेत, हा धडा आजही तेवढाच खरा!

आता प्रत्यक्ष काम. पाच-सहा फूट लांब ओंडका घ्या. झाड तोडायचे तर परवानगी हवी. महाराष्ट्रात त्यासाठी १९६४चा कायदा आहे. पण वादळाने पडलेले झाड किंवा छाटलेली फांदीही चालते. आधी साल वाचा. सालीच्या भेगा सरळ असतील तर आतली शीर बहुधा सरळ. भेगा दोरीच्या पिळासारख्या फिरत असतील, तर ओंडका फुटताना तसाच फिरणार. त्यातून सरळ कांब निघणार नाही, तो चुलीला ठेवा. आपल्याकडची रामकाठी बाभूळ सरळ वाढते, म्हणून ती कामाची. साध्या बाभळीला गाठी फार.

मग कापलेल्या टोकाकडे पाहा. मध्यातून बाहेर जाणाऱ्या बारीक चिरा दिसतात. त्या चिरांच्या दिशेने, नेमक्या मध्यातून पहिली पाचर बसवा. एका जोरकस घावापेक्षा अनेक बेताचे घाव बरे. भेग पुढे सरकली की तिच्यात पुढे दुसरी पाचर घाला. पहिली सैल होते, ती काढून आणखी पुढे न्या. दोन फाळकी झाली, की प्रत्येकाची पुन्हा दोन. ओंडका सुटताना काही तंतू पुलासारखे आडवे राहतात. ते ओढून तोडू नका, छोट्या कुऱ्हाडीने छेदा. ओढले तर चांगल्या भागातली लांब चिरफाळी बरोबर निघून येते.

भेग एका बाजूला सरकू लागली तर काय करावे? हे आपल्या बुरुडाला विचारा. वेळूची बेळ चिरताना एक बाजू पातळ होऊ लागली, की तो जाड बाजू अधिक वाकवतो आणि चीर परत मध्यावर येते. लांब लाकडी फाळक्यालाही हाच नियम.

राहिली गाठ. गाठ म्हणजे फांदीचे मूळ. नदीचे पाणी खडकाला वळसा घालून जाते, तशा नळ्या तिला वळसा घालतात. फोडताना दोन मार्ग असतात. एक, पहिली भेगच गाठींच्या रांगेवरून न्यायची, म्हणजे गाठी कडेला येतात आणि पुढे तासून टाकता येतात. दुसरा, गाठ कांबीच्या मध्यावर ठेवायची आणि घडवताना तिच्याभोवती थोडे जास्त लाकूड सोडायचे. तिथे धनुष्य जरा जाड दिसते, पण वळसा घालणाऱ्या नळ्या तुटत नाहीत. गाठ सपाट करायचा मोह इथे आवरावा लागतो.

कांबी निघाल्या की त्यांच्या टोकांना शेणाचा जाड लेप द्या आणि त्या सावलीत ठेवा. आपल्या चैत्र-वैशाखात उघडे टोक लवकर वाळते आणि तडकते. मग सारी मेहनत वाया.

ही दृष्टी साऱ्या जगात होती. १९९१ साली आल्प्स पर्वतात, बर्फात सुमारे ५३०० वर्षांपूर्वीचा माणूस सापडला. त्याच्याजवळ यू नावाच्या झाडाच्या लाकडाचे, अजून पुरे न घडलेले धनुष्य होते, सहा फूट लांब. इंग्लंडचे ‘मेरी रोझ’ जहाज १५४५ साली बुडाले. त्यात शंभरावर अखंड धनुष्ये मिळाली, तीही यूच्याच लाकडाची.

आता शिकार १९७२च्या कायद्याने बंद आहे, आणि ते योग्यच आहे. पण धनुष्य संपलेले नाही. बांबूच्या धनुष्यांच्या स्पर्धा आपल्या देशात होतात. राजस्थानातल्या आदिवासी घरातले लिंबा राम लहानपणी बांबूच्याच धनुष्याने शिकले आणि १९८८, १९९२ व १९९६ अशा तीन ऑलिंपिकमध्ये खेळले.

आरागिरणी गावोगाव झाली, हे चांगलेच झाले. दार, फळी, चौकट यांना कापलेले लाकूड पुरते. पण जे वाकायचे किंवा घाव सोसायचे, मग ते धनुष्य असो, कुऱ्हाडीचा दांडा असो की खोऱ्याचा, त्याचे लाकूड शिरेने फुटलेले असावे. हा भेद ओळखणारी नजर आज म्हाताऱ्या सुतारांपाशी आणि बुरुडांपाशी उरली आहे. ती त्यांच्याबरोबर जाऊ द्यायची का, हा प्रश्न आपल्यापुढे आहे.

शिक्षकांना माझी एक विनंती आहे. गावच्या सुताराला एक दिवस शाळेत बोलवा. मुलांना दूर बसवा, आणि एक गाठाळ ओंडका त्यांच्यासमोर फोडू द्या. भेग कुठून जाईल ते आधी मुलांना खडूने आखायला सांगा, मग पाचर कुठून गेली ते दाखवा. गणित सुटले की आपण त्याची ‘उकल’ झाली म्हणतो, आणि लाकूड फाटले की ते ‘उकलले’ म्हणतो. शब्द एकच का, हे मुलांना त्या दिवशी वेगळे सांगावे लागणार नाही.