बाळसे, वजन आणि इन्शुलिन



मुलाच्या अंगावर मूठभर मांस चढले की घरात समाधान पसरते. टंचाईचे दिवस पाहिलेल्या आपल्या समाजात हे स्वाभाविकच होय. तथापि, वाढलेले वजन म्हणजे वाढलेले आरोग्य, हे समीकरण प्रत्येक मुलाच्या बाबतीत खरे ठरत नाही.

स्वादुपिंडातून स्रवणारे इन्शुलिन रक्तातील साखर स्नायूंपर्यंत पोहोचविते आणि यकृतातून बाहेर पडणाऱ्या साखरेस आवर घालते. पोटात व यकृतात चरबी साठली की हे अवयव इन्शुलिनला पुरेसा प्रतिसाद देईनासे होतात. मग तेच काम साधण्यासाठी स्वादुपिंडाला अधिक इन्शुलिन स्रवावे लागते. रक्तातील साखर कित्येक वर्षे ठीक दिसते. हा भार पेलेनासा झाला म्हणजे मधुमेह प्रकट होतो. वयात येताना इन्शुलिनला मिळणारा प्रतिसाद सर्वच मुलांत काही काळ घटतो. स्थूल मुलांना तो काळ अधिक जोखमीचा असतो.

या प्रश्नाचे आपल्याकडील स्वरूप पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. आशिष बावडेकर, डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी उजेडात आणले. तेथे जन्मलेल्या ४७७ मुलांची त्यांनी आठव्या वर्षी तपासणी केली. निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाले. जन्मतः वजन कमी, परंतु आठव्या वर्षी अंगावर चरबी अधिक, अशा मुलांमध्ये इन्शुलिनला होणारा विरोध सर्वाधिक आढळला. पुढे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील बालकांचे ३.५ किलो भरले. उणीव मुख्यतः स्नायूंची होती. त्वचेखालील चरबी त्या मानाने टिकून होती. वरकरणी कृश दिसणारे आपले बालकही चरबीच्या बाबतीत कृश नसते, असा याचा अर्थ.

यावरून कमी वजनाच्या अर्भकाचा आहार तोडावा, असा निष्कर्ष मात्र कोणी काढू नये. पहिल्या दोन वर्षांत त्याला स्तनपान आणि योग्य वेळी पुरेसा पूरक आहार मिळालाच पाहिजे. सावध राहावयाचे ते पुढे, उंचीच्या मानाने वजन झपाट्याने वाढू लागते तेव्हा.

म्हणून शाळेत वजनासोबत उंचीही मोजावी आणि जन्माच्या वेळचे वजन आरोग्यपत्रिकेत नोंदवावे. शिक्षकांनी आणखी एका खुणेकडे लक्ष द्यावे. काही स्थूल मुलांच्या मानेवर व काखेत काळसर, जाड, मखमलीसारखी त्वचा दिसते. घरची माणसे तिला मळ समजून घासतात आणि सोबती हिणवितात. ती अस्वच्छता नसून बहुधा इन्शुलिनचे प्रमाण वाढल्याची खूण असते. अशा मुलास न रागावता प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे.

स्नायू कामाला लागले की ते इन्शुलिनला अधिक चांगला प्रतिसाद देतात. यास्तव पंचायतींनी क्रीडांगण राखावे, शाळेने खेळाचा तास गणिताला देऊ नये आणि शाळेच्या फाटकाशी गोड पेये व तळलेल्या पाकिटांची विक्री होऊ देऊ नये. आणि भावी माता असलेल्या मुलींच्या ताटात आजच पुरेसे अन्न पडावे. कारण उद्याच्या बालकाच्या आरोग्याची सुरुवात तेथूनच होते.

जय हिंद, जय महाराष्ट्र!