रेक्सचा श्रीगणेशा
(गणेशोत्सवातील व्याख्यान)



विद्येच्या दैवतापुढे बोलायचं, म्हणून ज्या विद्येवर माझं पोट चाललं तिच्याविषयी बोलतो. ती म्हणजे रेक्स, मेनफ्रेम संगणकाची एक सोपी भाषा. आयबीएमच्या माइक कोलिशॉ यांनी 1979 साली ती घडवायला घेतली.

संगणकाला कळते ती फक्त यंत्रभाषा. आपलं म्हणणं त्याला सांगायचे दोन मार्ग. सगळं पुस्तक आधी भाषांतर करून हाती द्यायचं, किंवा दुभाष्यानं शेजारी उभं राहून एकेक वाक्य सांगायचं. महाराष्ट्रातून नव्यानं आलेल्या सुनेला दुर्गदबैलच्या बाजारात सासूबाई भाजीवालीचं कन्नड जागच्या जागी मराठीत सांगतात ना, तसं. रेक्स दुसऱ्या मार्गानं जाते. काम जरा सावकाश होतं, पण चूक कुठं झाली ते तिथंच कळतं.

तिचे शब्दही साधे. पडद्यावर काही दाखवायचं तर ‘से’, म्हणजे ‘म्हण’. आकडेमोड आपल्यासारखी दशमानात. पुष्कळ भाषांत 0.1 आणि 0.2 यांची बेरीज 0.3 पेक्षा किंचित जास्त भरते; रेक्समध्ये नेमकी 0.3 येते.

आणखी एक गंमत. आयबीएमच्या व्हीएम प्रणालीवर रेक्सचा प्रोग्रॅम टिपणीनंच सुरू करावा लागे. आपण कागदाच्या माथ्यावर ‘श्री’ लिहितो तसं. ही टिपणी माणसांसाठी असते. त्यात लिहिलेलं काही यंत्र करत नाही. त्यामुळे ती रिकामी ठेवली तरी प्रोग्रॅम चालतो.

मी ती रिकामीच ठेवत असे. घाई असायची, आणि मला सगळं पाठच होतं. निवृत्तीनंतर एका रात्री जुन्या कचेरीतून फोन आला. महिनाअखेरचं काम अडलं होतं. बोलणारा मुलगा माझ्या नातवाच्या वयाचा. “सर, हे तुम्ही का केलं होतं?” मला काही आठवेना. पोरानं रात्रभर जागून ते सोडवलं. चूक माझी, जागरण त्याचं.

रेक्स आजही मेनफ्रेमवर चालते. ती लिहिणारे मात्र आम्ही म्हातारे झालो. आपल्या घरांतही तसंच आहे. मोदकाच्या उकडीचं प्रमाण, जुन्या फोटोतल्या माणसांची नावं, पूर्वज या गावी का आले ती हकीकत, सगळं एखाद्याच आजीला पाठ असतं. मुलांनो, या उत्सवात तिच्याजवळ बसा, विचारा आणि लिहून ठेवा. पहिली ओळ रिकामी सोडू नका.

गणपती बाप्पा मोरया!