यादीनंतरचे काम



अधिवेशनाच्या अध्यक्षाने विषयाचा आढावा घ्यावा आणि नव्या पिढीचे कौतुक करावे, असा शिरस्ता आहे. कौतुकाला आज मी थोडी कात्री लावणार आहे.

अधिवेशनासाठी आलेल्या निबंधांची चळत वाचली. लसविषयक निबंधांचा साचा आता पाठ झाला आहे. जिवाणू निवडायचा, बहुधा क्लेबसिएला किंवा अ‍ॅसिनेटोबॅक्टर. त्याची प्रथिने उतरवून घ्यायची, माणसाच्या प्रथिनांशी साम्य असलेली गाळायची, उरलेल्यांतून एपिटोप, म्हणजे प्रतिकारयंत्रणा ओळखते ते तुकडे, काढायचे. ते जोडतुकड्यांनी सांधायचे, पुढे कॉलरा विषाचा बी-उपघटक लावायचा, टीएलआर-४ वर डॉकिंग करायचे आणि शेवटी ते जनुक पडद्यावरच प्लाझ्मिडमध्ये बसवायचे. निष्कर्ष ठरलेला: लस आश्वासक आहे. परीक्षानळीला कुणाचा हात लागलेला नाही. पत्रिका जुळली म्हणून बारशाची आमंत्रणे काढावीत, तसा हा प्रकार.

संगणकाच्या मदतीने जिवाणूवर लस होतच नाही, असे मात्र नाही. मेनिन्गोकोकसच्या बी गटावर ती झाली. या गटाच्या आवरणातली शर्करा आपल्या चेतापेशींवरील शर्करेसारखीच असते, त्यामुळे शरीर तिला परके मानत नाही. पुण्यात तयार होणारी मेनफाइव्ह लस ए, सी, डब्ल्यू, वाय आणि एक्स या पाच गटांवर चालते, कारण तिथे आवरणाची शर्करा वापरता येते. बी त्या रीतीने बसवताच आला नसता. इटलीतल्या सिएना इथे रिनो रॅपुओली आणि सहकाऱ्यांनी उलट्या टोकाने सुरुवात केली. जीनोम हाती येताच पृष्ठभागावर येऊ शकतील अशी प्रथिने संगणकाने निवडली आणि त्यांतली 350 ई. कोलायमध्ये तयार करून उंदरांना टोचली. हा शोधनिबंध 2000 सालचा.

विद्यार्थ्यांनी थांबून पाहावे ते इथून पुढचे काम. उंदराचे सीरम घ्यायचे, त्यात कॉम्प्लिमेंट आणि जिवंत जिवाणू मिसळायचे, थोडा वेळ उबवून प्लेटवर पसरायचे आणि दुसऱ्या दिवशी वसाहती मोजायच्या. वसाहती घटल्या तर प्रतिपिंड जिवाणू मारतात. नाही घटल्या तर संगणकाचा गुणांक कितीही देखणा असो, ते प्रथिन बाद. या चाचणीत 350 पैकी तीसहून कमी टिकली. त्यांतून घडलेल्या लसीला युरोपात परवानगी मिळाली 2013 मध्ये, आणि ब्रिटनने 2015 पासून तान्ह्या बाळांना ही लस द्यायला सुरुवात केली. तिचे तीन मुख्य घटक त्या यादीतले. चौथा म्हणजे न्यूझीलंडमधल्या साथीतल्या जिवाणूच्या बाह्यपटलाच्या पुटिका, अगदी जुन्या वळणाचा. तोही लागलाच.

तिथे संगणकाने निवडली होती अख्खी प्रथिने. आपण त्याहून बारीक दावा करतो: प्रथिनातला नेमका कोणता तुकडा प्रतिपिंड पकडेल. या वाटेवर पुण्याचे नाव जुने आहे. 1990 मध्ये पुणे विद्यापीठातल्या कोळस्कर आणि तोंगावकर यांनी सात-सात अमिनो आम्लांची खिडकी सरकवत गुणांक काढण्याची पद्धत दिली. ती आजही वापरली जाते, पुष्कळदा मूळ निबंध न वाचता. तिचे ऋण मान्य करून पुढचेही सांगायला हवे. 2005 मध्ये ब्लाइथ आणि फ्लॉवर यांनी अशा 484 मोजपट्ट्या 50 प्रथिनांवर तपासल्या. उत्तम ठरलेली मोजपट्टीसुद्धा नाणेफेकीपेक्षा जेमतेम बरी निघाली. कारण सरळ आहे. बी-पेशींचे बहुतेक एपिटोप सलग नसतात. साखळीत दूर असलेली अमिनो आम्ले घडीमुळे शेजारी येतात आणि प्रतिपिंड ती घडी ओळखतो. त्याच वर्षी पुण्यातूनच त्रिमितीय रचनेवरून अशा एपिटोपचा अंदाज बांधणारा सर्व्हर आला. आता अल्फाफोल्डमुळे रचना सहज मिळते. पण रचना कळली म्हणून प्रतिपिंड कुठे बसेल हे कळत नाही.

टी-पेशींचे अंदाज खूपच बरे असतात. तिथे तुकडा एचएलए रेणूच्या खाचेत सरळ बसतो आणि त्यातली नऊ अमिनो आम्ले महत्त्वाची असतात. परंतु पेशीबाहेर वाढणाऱ्या जिवाणूंविरुद्ध मदार मुख्यतः प्रतिपिंडांवर, म्हणजे आपले हत्यार जिथे बोथट तिथेच आपण सर्वांत जास्त निबंध लिहितो.

चूक महाग पडू शकते. स्टॅफिलोकोकस ऑरियसवरची व्ही-710 ही एकाच प्रथिनाची लस प्राण्यांमध्ये उतरली होती, प्रतिपिंडही भरपूर तयार होत. हृदय आणि छातीच्या शस्त्रक्रियेच्या रुग्णांवरील चाचणी 2011 मध्ये थांबवावी लागली: लस घेऊनही ज्यांना हा संसर्ग झाला, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण लस न घेतलेल्या संसर्गितांपेक्षा जास्त होते. प्राण्यांतली कसोटी पार केलेल्या लसीची ही गत. पडद्यावरच्या लसीबद्दल काय बोलावे?

म्हणून एक ठराव मांडतो. पुढच्या अधिवेशनापासून भाकिताच्या निबंधात निदान एक पेप्टाइड प्रत्यक्ष बनवून, नीतिसमितीच्या परवानगीने, बऱ्या झालेल्या रुग्णांच्या सीरमबरोबर एलायझावर तपासलेले असावे. सीरम चिकटले म्हणजे संरक्षण मिळाले असे नव्हे, हे मला ठाऊक आहे. पण प्रारंभ तरी होईल. ज्या विभागांना प्रयोगशाळा नाही, त्यांनी जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागाचे दार ठोठावावे. आणि भाकीत खोटे ठरले, तर तो निबंध आधी छापावा. खोटे ठरलेले एपिटोप फारसे छापले जात नाहीत, त्यामुळे पुढची प्रारूपे मुख्यतः यशावरच शिकतात.

अनुमोदक मिळाला आहे. विरोधात बोलू इच्छिणाऱ्यांनी दुपारच्या सत्राआधी आपली नावे सचिवांकडे द्यावीत.